पहिल्या अर्ध्या तासातली माणसं

८ जानेवारी

ताई,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग शंका आली, की हा शब्द वापरायचा हक्क मला अजून आहे का. खोडलं असतं तर डाग दिसला असता, म्हणून कागदच बदलला.

आईबाबा ठणठणीत आहेत. हे आधीच सांगतो, कारण घरून पत्र आलं की छातीत धस्स होतं. निदान माझ्या तरी होतं, आणि मी तर घरातच राहतो.

फोन केला असता, पण फोनवर मला वाक्य सुचेपर्यंत समोरचा ठेवून देतो. शिवाय वर्षातून एकदा तू आईला फोन करतेस तो दोन मिनिटांत संपतो. 'बरी आहेस?' 'बरी आहे.' 'तुम्ही?' 'आम्हीही.' त्यात मी कुठे मावणार? तुझा पत्ता आईच्या शिवणयंत्राच्या खणातून घेतला. तिला विचारलं नाही.

कारण साधं आहे. माळ्यावर पाणी झिरपलं, म्हणून सगळं खाली काढलं, आणि जुन्या शिवणकामाच्या चिंध्यांखाली तेरा व्हिडिओ कॅसेट निघाल्या. आपली मालिका! सव्वीसच्या सव्वीस भाग, एका कॅसेटवर दोन. प्रत्येकीवर तुझ्या अक्षरातली पट्टी. पाचवीवर लिहिलंयस : 'भाग ९ आणि १०. निळा झगा. पुसू नये. पुसणाऱ्याचे हात कलम केले जातील.' बाबांनी ती पट्टी मोठ्यांदा वाचली, मग चष्मा पुसत बसले.

मी हल्ली जुन्या कॅसेटींवरचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या दुकानात आहे. लोक लग्नं, वाढदिवस, शाळेतली नाटकं घेऊन येतात. आधी कॅसेट उघडायची, फितीवरची बुरशी मऊ कापडानं पुसायची, हातानं हळूहळू गुंडाळायची, मगच यंत्रात घालायची. घाई केली की फीत तुटते. मालक म्हणतात, "अरे, पुसतोयस की ऑपरेशन करतोयस? गिऱ्हाईक बाहेर म्हातारं झालं." पण माझ्या हातून आजवर एकही फीत तुटलेली नाही. नववीनंतर शाळा सुटली, तरी हे एक काम मला पुरतं येतं.

तेरा कॅसेट मी जेवणाच्या सुट्टीत साफ केल्या. कॅसेट उतरायला ती चालते तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे सगळे भाग आधी एकट्यानंच पाहिले, घास तोंडात आणि डोळे पडद्यावर. तुला आठवतात ना ती दोघं? खरी नावं आपण कधी वापरलीच नाहीत. ती मोतीवाली, कारण ती पोहतानाही मोत्यांची माळ काढत नसे. तो बोवाला, कारण कड्यावरून समुद्रात पडला तरी गळ्यातला बो वाकडा होत नसे. हॉटेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचं, संध्याकाळी जेवायला म्हणून निघायचं, कुणाच्या तरी दिवाणखान्यात प्रेत सापडायचं. पोलीस गोंधळात, आणि हे नवरा-बायको हौसेहौसेनं खुनी शोधून रात्रीच्या नाचाला वेळेवर हजर.

आता आम्ही तिघं दर रविवारी दुपारी दोन भाग बघतो. एवढंच कळवायचं होतं. मला काही मागायचं नाही.

तुझा भाऊ


२२ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे.

मालिका पुन्हा बघताना काय काय दिसतं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण हे कळणारं माणूस तूच. तेरा वेगवेगळ्या बंगल्यांत जिना एकच आहे. फक्त कठड्याचा रंग बदलतात. चौथ्या भागात जो माळी मरतो, तो अकराव्यात बँकेचा मॅनेजर होऊन जिवंत येतो. बोवाल्याला आपल्या भाषेत आवाज देणारा माणूस मधेच बदलला आहे. सहाव्या भागापर्यंत तो मधात बुडवल्यासारखा बोलतो, सातव्यापासून सर्दी झाल्यासारखा. मोतीवालीला त्याचा पत्ताच नाही, ती तितक्याच प्रेमानं बघते. बाबा म्हणाले, "यालाच संसार म्हणतात."

पण खरा शोध आईनं लावला. दुसऱ्या भागात मोतीवाली पायऱ्या उतरते. आई एकदम ओरडली, "थांबव! मागे घे!" मी मागे घेतलं. "अजून थोडं. हं. बघ तिची पाठ." आरशात जेमतेम दिसत होतं. झग्याच्या पाठीला कंबरेपासून मानेपर्यंत चिमटे लावलेले, कपडे वाळत घालायचे असतात तसले!

"म्हणजे तिच्या मापाचा नाहीच तो!" आई म्हणाली. "पुढून बसावा म्हणून मागून ओढलाय. आणि मी मूर्ख, त्या फिटिंगच्या पायी रात्र रात्र जागले. म्हटलं, या बाईला चुणी पडत नाही, मग माझ्याच शिवणीला का पडते?"

"त्या शिंप्याला पकडा," बाबा म्हणाले.

आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग प्रत्येक भागात ती चिमटेच शोधत बसली. खून कुणी केला याच्याशी तिला देणंघेणं उरलं नाही.

बाबांनी कुलुपांचं दुकान बंद केलं तरी एक कुलूप मांडीवर असतंच. मोतीवाली केसातल्या आकड्यानं तिजोरी उघडते तेव्हा ते अजूनही तेच म्हणतात, "आकड्यानं माझं टिफिनचं झाकणसुद्धा उघडत नाही." तेव्हा आपण दोघं त्यांच्याआधी हे वाक्य म्हणून टाकायचो. परवा मी एकट्यानं म्हणून पाहिलं. मजा आली नाही, पण बाबा हसले.

चिठ्ठ्याही सुरू केल्या. बाबांचाच आग्रह. शेवटची दहा मिनिटं उरली की चित्र थांबवायचं, प्रत्येकानं कागदाच्या पट्टीवर गुन्हेगाराचं नाव लिहायचं, बिस्किटांच्या डब्यात टाकायचं, आणि बाबांनी उभं राहून, घसा खाकरून, एकेक वाचायची. जिंकणारा पुढच्या रविवारी आरामखुर्चीत. तू सव्वीसपैकी सतरा वेळा बसली होतीस. मला सगळी उत्तरं आधीच ठाऊक आहेत, म्हणून मी मुद्दाम चुकीचं लिहितो. बाबा तिन्ही रविवार जिंकले. खूप खुशीत आहेत.

त्या एका दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. काळजी करू नकोस.

तुझा भाऊ


१२ फेब्रुवारी

ताई,

मी दुकानात एक वही ठेवली होती. प्रत्येक भागाचं पान केलं : कोण मेलं, कुणी मारलं, कसं पकडलं. सव्वीस पानं भरल्यावर एक गोष्ट दिसली. ती तेव्हा आपल्यापैकी कुणालाच दिसली नव्हती.

प्रत्येक भागात पहिल्या अर्ध्या तासात मोतीवाली चुकीच्या माणसावर संशय घेते. ती वाईट नाही, पण घेते. दाई, घोड्यांचा मास्तर, पियानोवाल्याचा धाकटा भाऊ. दिवाणखान्यात सगळ्यांसमोर त्याच्याकडे बोट दाखवते. तो माणूस पांढरा पडतो, काहीतरी बोलायला जातो, दार आपटून निघून जातो. मग अर्ध्या तासानंतर खरा गुन्हेगार सापडतो, दोघं ग्लास उंचावतात, संगीत वाजतं.

आणि त्या दार आपटून गेलेल्या माणसाचं काय? मी पुन्हा पुन्हा तपासलं. सव्वीस भागांत सव्वीस माणसं. त्यातल्या एकाला, घोड्यांच्या मास्तरला, बोवाला जाताजाता खांद्यावर थाप मारतो. बाकी पंचवीस जणांना कुणीही 'चुकलो' म्हणत नाही. शेवटच्या दृश्यात त्यांना बोलावतसुद्धा नाहीत.

मी म्हणालो होतो की त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही. पण आता न लिहिणं बरोबर नाही.

तू एकोणीसची होतीस, मी बारा वर्षांचा. कार्यक्रमांत गाणाऱ्या त्या बाईंनी आईकडे नवव्या भागातल्यासारखा निळा झगा शिवायला टाकला होता. गडद निळं सॅटिन, उघडी पाठ, मागे लांब घोळ. गुरुवारी द्यायचा होता. मंगळवारी तू आईला म्हणालीस, "दहा मिनिटं घालून बघू दे ना, फक्त आरशासमोर." आई नको म्हणाली. बुधवारी संध्याकाळी आईनं इस्त्रीच्या टेबलावरची चादर उचलली, तर खाली घडी केलेल्या झग्याच्या घोळावर इस्त्रीचा तांबूस डाग. पण वरची चादर मात्र पांढरीशुभ्र.

गाणाऱ्या बाईंनी आरडाओरडा केला नाही. झगा हातात घेऊन पाहिला, परत ठेवला, आणि पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या ओळखीच्याही कुणी आल्या नाहीत. त्यानंतर किती तरी वर्षं आईनं झगा शिवला नाही, विजारी आखूड करून दिल्या.

शुक्रवारी बाबांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. मालिकेत बोवाला बसवतो तसंच. आता मला वाटतं, हसतखेळत केलं तर तू कबूल करशील, मग रागवायची वेळच येणार नाही, असं त्यांच्या मनात असावं. त्यांनी चादरीचा तर्क सांगितला. "डाग झग्यावर आहे, चादरीवर नाही. म्हणजे कुणीतरी झगा बाहेर काढला, घातला, चुणी पडली म्हणून इस्त्री केली, आणि पुन्हा नीट झाकून ठेवला." मग म्हणाले, "चला, चिठ्ठ्या."

तुला वाटलं गंमत चालली आहे. तू लिहिलंस, 'मांजर'. आईची चिठ्ठी कोरी होती. बाबांच्या चिठ्ठीवर 'ताई'. माझ्या चिठ्ठीवर 'ताई'.

'मांजर' वाचलं तेव्हा तू एकटीच हसलीस. बाबांना 'मी हात लावला नाही' म्हणालीस. मग माझी चिठ्ठी हातात घेऊन बघत राहिलीस. "अक्षर छान काढलंयस," एवढंच मला म्हणालीस. बाराव्या दिवशी तू काचेच्या कारखान्यात नोकरी धरलीस आणि गेलीस. बाबा आजारी होते तेव्हा आलीस, ती बाहेरच्या बाकावर बसून परत गेलीस.

सातवी कॅसेट, म्हणजे भाग तेरा आणि चौदा, मी अजून घरी नेलेली नाही. आईबाबांना सांगितलं की तिच्यावर बुरशी फार आहे. नाहीये. सगळ्या तेरांत तीच सर्वांत स्वच्छ आहे.

तुझा भाऊ


१९ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र टाकल्यापासून आठवडाभर धड झोपलो नाही. अर्धंच सांगितलंय, हे तुला कळलं असणार. तू बाटल्यांच्या काचेतला केसाएवढा तडा शोधून काढतेस, आई सांगत होती. तेव्हा उरलेलं सरळ लिहितो.

चौदाव्या भागात मोतीवालीला एक कोरं पत्र मिळतं. ती त्यावर गरम इस्त्री फिरवते आणि लिंबाच्या रसानं लिहिलेली अक्षरं तपकिरी होऊन वर येतात. तो भाग आपण त्या रविवारी कॅसेटवर पुन्हा पाहिला. सोमवारी मी लिंबू लपवलं. मंगळवारी लिहिलं आणि वाळवलं. बुधवारी आमचे मास्तर आले नाहीत, म्हणून दुपारीच शाळा सुटली. हे आईबाबांना माहीत नव्हतं. आई दोरे आणायला गेली होती, बाबा दुकानात, तू अंघोळीला.

टेबलावर चादर होती. तिच्याखाली झगा आहे हे मला ठाऊक नव्हतं, शपथ. मी कागद चादरीवर ठेवला आणि इस्त्री शेवटच्या आकड्यावर केली. अक्षरं आली! खरोखर आली. मी लिहिलं होतं, 'या घरात एक गुप्तहेर आहे.' मला इतका आनंद झाला की मी तुला दाखवायला धावलो, न्हाणीघराचं दार वाजवलं. तू आतून म्हणालीस, "थांब रे, साबण आहे डोळ्यांत." मी थांबलो. (म्हणजे मी घरी होतो हे तुला ठाऊक होतं, तरी शुक्रवारी तू ते बोलली नाहीस.) इस्त्री तिकडे तशीच आडवी.

वास आला तेव्हा पळालो. चादरीला भोक, खाली निळ्यावर डाग. मी रडलो नाही. मी नीटनेटकेपणा केला. जळकी चादर काढून चार घरं पलीकडच्या कचऱ्याच्या पेटीत टाकली, कपाटातून तशीच दुसरी काढून कोपऱ्याला कोपरा जुळवून घातली, इस्त्री पुसून जागेवर ठेवली, आणि शाळा सुटायच्या वेळेपर्यंत बागेत बसून राहिलो. त्या स्वच्छ चादरीमुळेच बाबांचा तर्क तुझ्यापर्यंत पोचला. मी ती इतकी सरळ घातली नसती तर तू वाचली असतीस.

शुक्रवारी माझ्या हातात पेन्सिल होती. 'मी' हे एकच अक्षर. पण बाबांचा तर्क इतका सुरेख बसला होता, की क्षणभर मलाच वाटलं, खरंच तू केलं असशील.

मी लहान होतो, हे कारण मी सांगणार नाही. तेरा वर्षांचा झालो, चौदा झालो, वीस झालो. तेव्हा लहान नव्हतो. रोज वाटायचं, उद्या सांगू. मग इतके उद्या साचले की आता सांगितलं तर लोक विचारतील, आजवर काय करत होतास?

तू कसलीही शिक्षा दे.

तुझा भाऊ


५ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. कार्डावर एकच ओळ : 'आईबाबांना सांगितलंस का?'

नव्हतं सांगितलं. तुला लिहिलं आणि माझंच मन हलकं झालं होतं, इतकं की शिट्टी वाजवत कामाला जात होतो. तुझी ओळ वाचली आणि शिट्टी बंद झाली. तुला सांगून फक्त माझी सोय झाली होती. घरात गुन्हेगार अजून तूच होतीस.

काल रविवार होता. सातवी कॅसेट घरी नेली.

"निघाली का बुरशी?" बाबांनी विचारलं.

"नव्हतीच," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही, ते खुर्ची सरकवत होते.

तेरावा भाग झाला. चौदावा लागला. मोतीवालीनं इस्त्री फिरवली तेव्हा आई म्हणाली, "बघा, पत्राखाली कापडसुद्धा घातलं नाही. हिचं टेबल जळणार." शेवटची दहा मिनिटं उरली, बाबांनी चित्र थांबवलं, पट्ट्या वाटल्या. मी लिहिलं. अक्षर याही वेळी चांगलं आलं, त्याचा मला राग आला.

बाबा उभे राहिले. घसा खाकरला.

"पहिली चिठ्ठी, मी स्वतः. डॉक्टर! दुसरी चिठ्ठी, आमच्या सौभाग्यवती. 'कुणी का असेना, चिमटे अकरा.' ही बाद. तिसरी चिठ्ठी, आमचे चिरंजीव." त्यांनी त्याच खणखणीत आवाजात सुरुवात केली, "निळा झगा..." आणि पुढचे दोन शब्द त्यांनी मनातच वाचले.

"काय लिहिलंय?" आई म्हणाली. त्यांनी पट्टी तिच्या हातात दिली. 'निळा झगा मी जाळला.'

पडद्यावर मोतीवाली तोंड उघडं ठेवून थांबलेली होती. मी सगळं सांगितलं, लिंबापासून बागेपर्यंत.

"इस्त्री कितीवर होती?" आईनं विचारलं.

"शेवटच्या आकड्यावर."

"सॅटिनवर?"

"खाली सॅटिन आहे हे माहीत नव्हतं."

"आणि जळली ती चादर कुठली? निळ्या काठाची?"

"हो."

"अरे देवा," आई म्हणाली. "त्या लाँड्रीवाल्याला मी चोर म्हटलं रे. भर दुकानात. चादर त्यानंच ढापली म्हणून पंधरा वर्षं त्या गल्लीतून गेले नाही."

मग ती रडायला लागली, आणि रडता रडताच म्हणाली, "माझी पोर." माझ्याकडे बघून नव्हे. दाराकडे बघून.

बाबा बसले, कुलूप मांडीवर घेतलं, बाजूला ठेवलं. "मला वाटायचं," ते शेवटी म्हणाले, "मुलगी खोटं बोलली, याचंच मला वाईट वाटतंय. झग्याचं नाही. आणि ती खोटं बोललीच नव्हती." मग मला म्हणाले, "तू जरा बाहेर फिरून ये." मी गेलो. रागानं म्हणाले नव्हते, पण मी बराच वेळ फिरलो.

सांगितलं, ताई. तुझ्या कार्डाचं उत्तर हेच.

तुझा भाऊ


२० मार्च

ताई,

आईशी झालेल्या तुझ्या फोनबद्दल मला लिहायचा अधिकार नाही, पण घर लहान आहे, मला ऐकू आलं. आईनं नंबर फिरवण्याआधी तीनदा पाणी प्यायलं. चाळीस मिनिटं! त्यातली पहिली पाच दोघी रडलात, आणि उरलेली पस्तीस मिनिटं तुझ्या खिडकीच्या पडद्याला अस्तर लावावं की नाही यावर गेली. आई म्हणत होती, "अगं, उन्हानं रंग उडेल. लाव मुकाट्यानं." मी दाराआड उभा राहून इतका सुखावलो की काय सांगू.

बाबांनी फोन हातात घेऊन "मी चुकलो, बाळ," एवढंच म्हटलं आणि लगेच परत दिला. मग चांगल्या चालणाऱ्या कुलपाला तासभर तेल घालत बसले. माझ्याशी ते तीन दिवस फक्त कामापुरतं बोलले. चौथ्या दिवशी चहा पुढे सरकवला आणि म्हणाले, "तर्क माझा होता. तू फक्त चादर बदललीस. पण चिठ्ठीवर नाव तू लिहिलंस, ते तुझं तू बघ." हा हिशेब मला योग्य वाटला.

आई दुसऱ्याच दिवशी लाँड्रीत गेली. मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. दुकान आता मुलगा चालवतो. म्हातारे आत खुर्चीवर बसले होते. आईनं हात जोडून सगळं सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "बाई, कुठली चादर?" त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मुलगा म्हणाला, "मला आठवतंय हो, मावशी. त्या दिवशी बाबा जेवले नव्हते." आईनं घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी त्यांच्याकडे टाकल्या आहेत. आम्ही दोन दिवस नुसत्या गादीवर झोपलो.

तू शनिवारी येते आहेस हे कळलं. चोवीस तारीख, साडेचारची गाडी. आईनं तुझी खाट खिडकीशी लावली आहे, मग दाराशी, मग पुन्हा खिडकीशी. बाबांना वाटतं मालिकेचे उरलेले भाग तुझ्याबरोबर बघावेत. आई म्हणते, "नाव काढू नका तिच्यासमोर." तुम्ही ठरवा.

माझ्याबद्दल तू फोनवर काही बोलली नाहीस. ते बरोबर आहे. तू त्यांना भेटायला येते आहेस. तुझं घर तुला परत मिळतंय, आणि त्यात मी लुडबुडलो तर ते पुन्हा माझंच होईल.

म्हणून एक सोय सुचवतो. शनिवारी माझं काम सहाला सुटतं, पण मालक मला किल्ली देतात, मी कितीही वेळ दुकानात बसू शकतो. तू असेपर्यंत मी घरी येऊ नये असं तुला वाटत असेल, तर निघण्याआधी आईला तेवढं सांग. मला दुकानात झोपायचीही सवय आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मी येण्याला तुझी हरकत नसेल, तर काहीच सांगू नकोस.

तुझा भाऊ


२३ मार्च

ताई,

हे पत्र टपालात टाकणार नाही, उद्या सकाळी निघताना तुझ्या खाटेवर ठेवून जाईन.

आज संध्याकाळी तुझा फोन येऊन गेला तेव्हा मी दुकानात होतो. घरी आल्यावर आईला विचारलं, "ताई काय म्हणाली?"

"गाडी साडेचारची. जेवायला साधंच कर म्हणाली. पडद्याचं कापड घेऊन येतेय."

"अजून?"

"अजून काय?"

"माझ्याबद्दल काही?"

"नाही."

"नक्की? नीट आठव. एखादा शब्द?"

"अरे, नाही म्हटलं ना! काहीच म्हणाली नाही. किती वेळा विचारशील?"

तिला चौथ्यांदा विचारलं नाही.

मी उद्या सहाला येतो.

तुझा भाऊ